गुरुवारची फेरी

दुर्भाटच्या धक्क्यावरून फेरी सुटते
आणि मला पलीकडे सोडते, लोटलीच्या वाटेला.
पायी जाणाऱ्याला तिकीट नाही.
पाद्री एवारिस्त म्हणतात, याला कृपा म्हणतात.
मी म्हणते, याला नदी परिवहन खातं म्हणतात.
अशी सुरुवात होते आमची.

त्यांच्या डोळ्यांत आता दूध उतरलंय.
शिंपल्यांच्या तावदानांतून गाळून येतो तेवढाच उजेड
त्यांना उन्हातही दिसतो.
म्हणून मी वाचून दाखवते. लॅटिन मला कळत नाही,
शब्दांवर पेन्सिलीनं देवनागरी उच्चार लिहून घेतलेत,
अर्थावाचून म्हणत जाते, मुंजीतल्या बटूसारखी.
ते मधेच बोट वर करतात :
"इथं एक ओळ गेली."
गेली नाही, पाद्र. कसरीनं नेली.
देव आहे, याच्या तिसऱ्या पुराव्यात
तांदळाएवढं भोक आहे,
आक्षेपातून शिरतं, उत्तरातून बाहेर पडतं.
"कसर निःपक्षपाती असते," ते हसतात.

खाजनाच्या बांधावर मानशीचं दार.
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं, कुणी हात लावत नाही.
दाराला पाणी ढकलतं, पाण्याला चंद्र ओढतो, चंद्राला...
थांबा, मी म्हणते.
साखळी कुठेतरी संपावी हा हट्ट
साखळीचा नाही, आपला आहे.
वीस वर्षं वर्गात हेच शिकवतेय,
खडू मोडतो, मुद्दा मोडत नाही.

पाद्री पेज भुरकतात, खाराची फोड शोधतात बोटांनी.
"बाय, पहिली कडी मी विचारलीच नाही.
दिवा कुणी लावला ते जाऊ दे,
आत्ता तेल कोण घालतंय?
ती बघ, कोंसू चुलीपाशी गुणगुणतेय.
ती थांबली की गाणं कुठे ठेवशील, फडताळात?"
उपमा म्हणजे पुरावा नव्हे, मी म्हणते.
"नव्हेच. पण उपमेला कसर लागत नाही."

एकदा मी पाटलीचा दाखला दिला :
बांगडे मोजा, तारले मोजा, लेपो मोजा,
'आहे' नावाचा मासा कुणी विकत नाही.
त्यांनी टाळीच वाजवली.
"मग? तो पाटलीत आहे असं
आम्ही कधी म्हटलं होतं?"
परतीच्या फेरीत मी कठड्याला टेकून
स्वतःशीच भांडत राहिले. फोंड्याच्या बसमध्येही.

नोव्हेंबरात रोमाल्दचा धाकटा मानशीत बुडाला.
ज्योविन. नऊ वर्षांचा. अडकलेलं जाळं सोडवायला उतरला होता.
त्या गुरुवारी मी पुस्तक उघडलं नाही.
तुमचा देव अविकारी, मी म्हटलं,
त्याला हर्ष नाही, शोक नाही, ओहोटी नाही.
मग तो रडलाही नसेल.
"रडला तर तोही पाण्यातच," पाद्री म्हणाले,
"मग काठावर कोण राहील?"
पाठ केलेलं उत्तर.
पाठ केलेलं आहे, हे त्यांनाही ऐकू आलं.

"मला तिथे ने," म्हणाले.
बांध निसरडा. माझ्या खांद्यावर त्यांचा हात,
सुक्या सुंगटाएवढा हलका.
दाराच्या लाकडावरून बोटं फिरवत राहिले,
शेवाळ, कालवांच्या धारा, एक खिळा.
"ह्याच्या डोक्यावर पहिलं पाणी मी घातलं होतं."
एवढंच.
मी माझी उत्तरं चाचपली :
योगायोग. निसर्गनियम.
अर्थ नसतो, तो आपण द्यायचा असतो.
रोमाल्द दहा हातांवर बसून तेच जाळं सांधत होता.
त्याला काय देऊ?
भरती लागली. दार आपोआप सरकलं
तसा त्यांनी हात काढून घेतला.

पुढच्या गुरुवारी फेरी उशिरा आली, गाळात रुतली होती म्हणे.
कोंसूनं न विचारता चहा ठेवला.
चौथ्या पुराव्याशी आले, अर्धं पान वाचलं,
आणि पाद्रींनी बोट वर केलं :
"इथं ओळ गेली."

पान धड होतं.
मीच थांबले होते.